पेटा शिखरावर, मी खेचरावर

गोकुलम, मैसूर
सोमवार

तीर्थरूप भवानीअक्काच्या पायांवर धाकट्या येसाजीचं डोकं (ते अजून थोडं दुखतं, तरीही ठेवलं आहे).

तुझा गुडघा कसा आहे? धारवाडच्या त्या वैद्यांचं तेल लागू पडलं का? फोन न करता पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, आम्ही दोघंही धडधाकट आहोत. फोनवर बोलायचं तर हॉलमध्ये बसावं लागतं, आणि मी हिमालयाबद्दल एक वाक्य बोललो की वनजा स्वयंपाकघरातून ते दुरुस्त करते. पत्रात माणसाला सलग खोटं (म्हणजे सलग काहीही) बोलता येतं.

मूळ दोष तुझ्या भाचीचा. मला साठी लागली तेव्हा माझी इच्छा साधी होती : नंजनगूडला अभिषेक, घरी होम, चार माणसांना जेवण आणि मला एक जरीचं उपरणं. पण विद्याश्री बंगळूरहून आली आणि म्हणाली, “अप्पा, होम सगळेच करतात. मी तुम्हा दोघांचं हिमालयातल्या ट्रेकचं बुकिंग केलंय. गाईड असतो, तंबू असतात, शेवटी शिखर चढायचं.” मी नाही म्हणणारच होतो. पण तेवढ्यात आपल्या मराठा संघाचे सेक्रेटरी भुजंगराव येऊन टपकले आणि म्हणाले, “येसाजीराव, ह्या वयात सुम्मने कशाला उगाच?” झालं! आपले पणजोबा मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, ते रक्त (जे इतकी वर्षं विमा कचेरीत खुर्चीवर शांत बसलं होतं) एकदम उसळलं. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. वनजाला कोणी विचारलंच नाही. ती म्हणाली, “आयतु, ठरलं तर, मीही येते. ह्यांच्या गोळ्या कोण सांभाळणार?”

मग तयारी. आपल्या चामुंडीसारख्या चार टेकड्या एकावर एक ठेवल्या तर त्या शिखराला पोचतील, म्हणून आधी एक चामुंडी चढायचं ठरवलं. रोज पहाटे पायऱ्यांनी निघायचो. मी अर्ध्या वाटेवरच्या नंदीपर्यंत जायचो, त्याच्यापुढे बसून शहाळं प्यायचो आणि खाली जाणाऱ्या बसला हात करायचो. वनजा देवीचं दर्शन घेऊन पायीच परत यायची, शिवाय येताना भाजी आणायची. (आमच्या माडीवर योग शिकायला आलेली परदेशी मंडळी भाड्याने राहतात. त्यांचे डबे घेऊन ही दिवसभर जिना चढते-उतरते. हाही एक सराव असतो हे मला फार उशिरा कळलं.) नवे बूट वापरून मऊ करावेत अशी सूचना होती, म्हणून मी ते शेजारच्या कमलाक्षीच्या मुलीच्या लग्नात पंच्यावर घालून गेलो. त्या लग्नातले फोटो मागवू नकोस.

शिखरावर घालायला म्हणून मी आपला मैसूर पेटा (तोच, जरीकाठी फेटा) बरोबर घेतला होता. गाईड बाई होत्या, नेगी मॅडम, तिकडच्याच, उत्तराखंडच्या, वयाने आपल्या विद्याश्रीएवढ्या आणि बोलण्यात शाळेच्या हेडमास्तरीणबाई. त्यांनी माझी सॅक उचलून पाहिली आणि ओझं कमी करा म्हणाल्या. मी चटणीपुडीचा डबा सोडला नाही. पेटा तेवढा काढून हळूच वनजाच्या सॅकमध्ये सरकवला.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे होतो, अक्का. देवाशपथ. मागच्यांना पणजोबांची हकीकत सांगत चाललो होतो. दुसऱ्या दिवशी मी मधे होतो आणि गप्प होतो. त्यानंतर मी मागे होतो आणि माझ्याबरोबर फक्त जेवणाच्या भांड्यांचं खेचर होतं. तेही मला ओलांडून गेलं. एक पाऊल टाकायचं, उभं राहायचं, समोरचा डोंगर बघतोय असं दाखवायचं. त्या डोंगराकडे माझ्याइतका वेळ कोणी पाहिलं नसेल.

वरच्या तळावर पोचलो तेव्हा डोकं असं ठणकत होतं, जणू कोणी आतून नगारा बडवतोय. जेवण पोटात राहीना. रोज संध्याकाळी नेगी मॅडम बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजायच्या, आणि माझा आकडा आदल्या दिवशीच खाली आला होता. आता आणखी उतरला तर मला परत पाठवणार हे उघड होतं. भुजंगरावांचं तोंड डोळ्यांपुढे आलं. मी कानापर्यंत पांघरूण ओढलं, शेजारी डुलकी घेत पडलेल्या वनजाचा हात अलगद उचलला, आणि मॅडमनी तंबूच्या तोंडाशी बसून “अंकल, उंगली” म्हटल्यावर तो पांघरुणातून बाहेर काढला. आकडा उत्तम आला. मॅडमनी आकडा वहीत लिहिला. मग म्हणाल्या, “अंकल, ये हरी चूडियाँ आपकी हैं?”

त्यानंतर मात्र त्या हसल्या नाहीत. मला बाहेर उभं करून सरळ रेषेत चालायला लावलं. मी चाललो आणि थेट स्वयंपाकाच्या तंबूत शिरलो. तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, हा खेळ नाही, असल्या अवस्थेत वर नेलेली माणसं परत येत नाहीत, तुम्ही लगेच खाली उतरायचं. मला वाटलं, आता वनजा सॅक भरायला घेईल. तिने मॅडमना एकच विचारलं, खाली गेल्यावर ह्यांना बरं वाटेल ना? त्या म्हणाल्या, नक्की, बरोबर आमचा माणूसही असेल. वनजाने माझ्या गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि देवराज मार्केटला निघाल्यासारखी म्हणाली, “मग तुम्ही उतरा हो. मी वर जाऊन येते.”

आमच्या लग्नानंतर ही एकटी मैसूरजवळच्या येलवालपलीकडे कधी गेली नव्हती.

घोडदळातल्या पणजोबांचा हा पणतू आयुष्यात पहिल्यांदा जनावरावर बसला तो असा : तेच भांड्यांचं खेचर, दोन्ही हात त्याच्या मानेला, डोळे मिटलेले, आणि पुढे लगाम धरणारा माणूस दर वळणावर सांगतोय की साहेब, गळा दाबू नका, तेही श्वास घेतं.

खाली पोचलो आणि डोक्याचा ठणका थांबला, भूक लागली, दोन ताटं भात खाल्ला. मग वर पाहिलं तर शिखर ढगात गेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ पडायला लागला. वनजा दुपारपर्यंत यायला हवी होती, दुपार टळून गेली. आचारी म्हणाला, बर्फात वेळ लागतोच. मी वाटेकडे तोंड करून एका दगडावर बसलो आणि चहा आणून दिला तो तसाच हातात गार झाला. अक्का, इतक्या वर्षांत मी उशिरा यायचो आणि ती दारात असायची. वाट पाहताना माणूस काय काय मनात आणतो हे मला माहीतच नव्हतं. उजेड कलताना वळणावर माणसं दिसली. तिच्या नाकाची साल निघाली होती. मी धावत गेलो (चार पावलं) आणि म्हणालो, “जेवलीस?” ती म्हणाली, “परवागिल्ला, जेवणाचं राहू द्या, आधी बसू द्या.”

तिने शिखरावर माझा पेटा घातला होता. काळा गॉगल, नाकापर्यंत मफलर, अंगात फुगीर जाकीट आणि वर पेटा! तो फोटो विद्याश्रीने ‘साठीचं शिखर’ असं लिहून सगळीकडे पाठवला, आणि गावभर तो मीच ठरलो. येत्या रविवारी मराठा संघात माझा सत्कार आहे. मी भुजंगरावांना दोनदा खरं सांगायला गेलो. दोन्ही वेळा ते “केवढा विनय!” म्हणून माझ्या पाठीवर थाप मारून निघून गेले. वनजाला म्हटलं, तू तरी बोल. ती म्हणाली, “घ्या की शाल.” एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

भावोजींना नमस्कार.

तुझा,
येसाजी

ता. क. : रविवारी तू ये. पहिल्या रांगेत बस, आणि शाल माझ्या खांद्याजवळ आली की उठून तुझ्या त्या खणखणीत आवाजात सांग की शिखर वनजा चढली. तुझ्यापुढे संघात कोणी बोलत नाही. मला ऐन वेळी तोंड उघडेल याची खात्री वाटत नाही.

ता. क. : वन्सं, नमस्कार. पोस्टात मीच टाकते आहे, त्यामुळे वाचलं. भुजंगरावांना मी परवाच सगळं सांगितलंय, त्यांना खेचरासकट ठाऊक आहे. ह्यांनी आपणहून उठून बोलावं म्हणून आम्ही दोघं गप्प आहोत, तेव्हा तुम्हीही गप्प बसा. वर पोचले तेव्हा मी खाली ह्यांचा तंबू शोधत होते, पण सगळा ढगच होता. एकटीने बघण्यासारखं नाही ते. पुढच्या वर्षी ह्यांना वर न्यायचंच आहे. तुम्ही रविवारी आलात की चारचौघांत फक्त एवढं म्हणा, “येसाजी, तुला काही जमणार नाही.” बाकी मी बघते.
— वनजा