समोरच्या बेटावरचा दादा

भाट्ये, रत्नागिरी
१२ नोव्हेंबर

हेतलवहिनीस,

दीपेशचा नमस्कार. खेडला माहेरची सगळी बरी असतील. इकडे आई बरी आहे, गुडघा तेवढा कुरकुरतो. तू लावलेल्या अबोलीला फुलं येतायत. आई रोज पाणी घालते आणि रोज म्हणते, जिने लावली तिनेच बघावं. गणपतीला तू नव्हतीस तर मोदकांच्या कळ्या मलाच पाडाव्या लागल्या. फुटके मोदक देवाने गोड मानून घेतले.

हातचं पत्र बघून दचकली असशील. फोन हाताशी असताना हा लिहीत का बसला? फोनवर तू मधेच काहीतरी विचारशील आणि मग पुढचं माझ्याच्याने बोलवणार नाही, म्हणून. शिवाय दादा दिवसभर ओटीवर पडून असतो, त्याला सगळं ऐकू जातं. तो पडून का असतो ते सांगतो. आधी झालं कसं ते ऐक.

आम्ही परत आल्यावर तुझा फोन आला, तेव्हा मी एवढंच सांगितलं होतं की बोट फुटली, आम्ही दोघं दोन बेटांवर अडकलो आणि आता सुखरूप आहोत. पेपरातही तेवढंच आलं. अख्खी गोष्ट सांगायला गेलं की ऐकणारा हसतो, आणि मला हसता येत नाही.

बाबा गेल्यावर बोटीचा तांडेल कोण, यावरून माझं आणि दादाचं बिनसलं, ते तुझ्या डोळ्यांदेखत. पण बोटीवर आम्ही कसे राहायचो ते तू बघितलं नाहीस. सगळं बोलणं आमच्या भाकऱ्या करणाऱ्या केरूमार्फत. दादा सुकाणूवरून म्हणायचा, "केरू, त्याला सांग दोर सोड." मी हाताच्या अंतरावर उभा. केरू चुलीवरची भाकरी उलटता उलटता मला सांगायचा, "दोर सोड म्हणतायत." मग मी दोर सोडायचो. दोन वर्षं असंच चाललं होतं.

गणपतीनंतरच्या त्या खेपेला बोटीवर आम्ही तिघंच होतो. इंजिन बंद पडलं आणि वादळी वाऱ्याने आम्हाला कारवारच्याही खाली ढकलत नेलं. सकाळ होती, पाऊस नुकता थांबला होता. मला पुढ्यात पांढरा फेस दिसला. खाली खडक असणार हे कुणालाही कळलं असतं. आणि वहिनी, माझ्या तोंडून काय निघालं असेल? "केरू, त्याला सांग, पुढे खडक आहे." केरूने मान वळवली, तोंड उघडलं, आणि बोट आपटली.

पुढचं नीट आठवत नाही. मी एका फळीला धरून होतो. डिझेलच्या रिकाम्या कॅनला मिठी मारलेला दादा लाटेवर दिसला आणि गेला. केरू तर दिसलाच नाही.

मी ज्या बेटावर लागलो तिथे माणूस नव्हता. शेळ्या होत्या. खडकावर, झाडाखाली, झाडावर, जिकडे बघावं तिकडे शेळ्या. मधोमध शेंदूर फासलेला एक दगड. तिकडचे मच्छीमार नवस फेडायला जिवंत शेळी आणून सोडतात, तिला कोणी कापत नाही, हे मागाहून कळलं. मला तेव्हा वाटलं मी मेलो आणि भलत्याच ठिकाणी पोचलो. माणसाची त्यांना भीती म्हणून नाही. मी बसलो की गोल करून बसायच्या, उठलो की मागून यायच्या. एकीचं दूध पिऊन मी जगलो. खळग्यात पावसाचं पाणी होतं.

समोर आणखी एक बेट होतं. मधलं पाणी आपल्या खाडीएवढंच रुंद, पण ओढ अशी की टाकलेलं लाकूड डोळ्यांदेखत पळायचं. ते बेट नुसतं काळं खडप, वर पक्ष्यांच्या विष्ठेचा पांढरा थर. त्याच्या टोकाला एक माणूस लाल खुर्चीत बसलेला दिसला.

मी डोळे चोळले. खरंच खुर्ची. आपल्या लग्नाच्या मांडवात असतात तसली, प्लास्टिकची. कुठल्यातरी जहाजावरून पडलेला कंटेनर तिथे येऊन फुटला होता आणि खडपभर खुर्च्या पसरल्या होत्या. त्या सगळ्या खुर्च्यांमध्ये आपला दादा एकटा, सभा भरायची वाट बघत असल्यासारखा. मी शर्ट काढून हलवला. तो उभा राहिला आणि त्याने खुर्ची डोक्यावर धरून हलवली. मी खाली बसून रडलो. शेळ्या बघत होत्या.

ओरडलेलं काही पोचत नव्हतं. मग रोजचं तेच झालं. सकाळी उठलं की मी शर्ट हलवायचा, त्याने खुर्ची. दुपारी एकदा, उन्हं कलताना एकदा. म्हणजे जिवंत आहे. दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी एवढं बोललो नव्हतो.

आता एक गोष्ट, जी तुला माहीत नाही. दादाला पोहता येत नाही. लहानपणी बाबांनी त्याला जेटीवरून पाण्यात ढकललं होतं. नाकातोंडात पाणी जाऊन तो असा घाबरला की पुन्हा कमरेच्या वर पाण्यात उतरलाच नाही. तांडेलाला पोहता येत नाही म्हटल्यावर खलाशी काय म्हणतील, म्हणून हे आईला आणि मलाच माहीत.

एके दुपारी मी झाडाखाली झोपलो होतो. शर्ट उशाला होता. जागा झालो तर एक शेळी समोर उभी आणि तिच्या तोंडात माझी एक बाही. बाकीचा शर्ट तिने खाल्ला होता.

मला हसू आलं, खोटं नाही सांगत. उघड्या अंगाने हात हलवले, पण माझ्यामागे काळा खडक, त्याला तेवढ्या लांबून काही दिसेना. मग मी बेटाच्या मागच्या अंगाला गेलो, वाहून आलेलं जाळं नाहीतर कापड मिळतं का बघायला. तिथे वेळ गेला. रात्र झाली म्हणून तिथेच आडवा झालो. म्हटलं, उद्या सकाळी हलवू. त्यात काय एवढं.

सकाळी प्लास्टिकचा एक कागद घेऊन पुढच्या बाजूला आलो तर समोरची खुर्ची रिकामी. मी कागद हलवत राहिलो. मग खाली, माझ्याच बेटाच्या खडकांत, डिझेलचा कॅन दिसला आणि कॅनला दोरीने बांधून घेतलेला दादा.

मी त्याला ओढून वर घेतला. त्याला धड श्वास घेता येत नव्हता. डोळे उघडून त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हात का हलवला नाहीस?"

मध्ये केरू नव्हता. मीच सांगितलं, "शेळीने शर्ट खाल्ला."

त्याने माझं उघडं अंग वरून खाली बघितलं. मग हसायला लागला. खोकत होता, पाणी ओकत होता आणि हसत होता. मीही हसलो. आणि मग मला त्याचा डावा पाय दिसला.

खडकांवर कालवं असतात, त्यांच्या कडा तुला माहीत आहेत. लाटेने त्याला त्यांच्यावर दोन-चारदा घासलं होतं. मी त्याचीच लुंगी फाडून बांधली. पण औषध कुठून आणणार? पाय सुजला, मग काळा पडायला लागला. त्याला साखर आहे हेही तिथेच कळलं. कुणाला सांगितलं नव्हतं त्याने, तुलासुद्धा नाही.

केरू जिवंत होता. कर्नाटकातल्या मलपे बंदराच्या एका बोटीने त्याला पाण्यातून उचललं होतं. त्यांना याची भाषा कळेना, याला त्यांची. त्यांची मासेमारी अर्धी राहिली होती, ती संपेपर्यंत केरू त्यांना भाकऱ्या करून घालत होता आणि रोज आम्हा दोघांसाठी हाताची दोन बोटं दाखवून रडत होता. बंदराला लागल्यावर मराठी जाणणारा एक जण भेटला, तेव्हा तटरक्षक दलाची बोट निघाली. आमच्यापर्यंत पोचली तोवर दादाला ताप चढून भ्रम झाला होता.

तिकडच्याच दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सही करायला सांगितली. मी केली. दादाचा डावा पाय घोट्याच्या वरून काढला आहे.

वहिनी, हे एक वाक्य लिहायला मला तीन पानं लागली.

त्याने आईला आणि मला स्वतःच्या जिवाची शपथ घातली आहे. तुला कळता कामा नये. फोनवर तुला "जरा खरचटलंय" म्हणाला, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. तू यावीस तर कीव करून नको, असं त्याचं म्हणणं. आई म्हणते, "त्याचाच जीव, त्याचीच शपथ, आपण काय करणार?" मी ती मोडतोय. भोग येईल तो माझ्या वाट्याला.

आणखी एक. जाताना एसटी स्टँडवर तू मला म्हणाली होतीस की हा माणूस दर्यावर गेला तर परततो तरी, घरात बसल्या बसल्या गेला की परतत नाही. ते खरं होतं. पण त्या बेटावर, पाय असा झालेला असताना, तो बोलत होता. सकाळपासून सांजपर्यंत. मला धक्का पाण्यात उतरलेल्या दादाचा बसला होताच, त्याहून मोठा या बोलणाऱ्या दादाचा बसला. बाबांबद्दल बोलला, माझ्याबद्दल बोलला. सगळ्यात जास्त तुझ्याबद्दल. श्रावणात तो खेडला आला होता, तुमच्या घरासमोरच्या दुकानात उभा राहिला, तू गॅलरीत कपडे वाळत घालत होतीस, आणि तो तसाच स्टेशनवर परतला. काय बोलायचं होतं तेही त्याने मला सांगितलं. ते मी लिहिणार नाही. ते त्याचं आहे.

येत्या मंगळवारी त्याला कृत्रिम पायाचं माप द्यायला न्यायचं आहे. दहाच्या सुमारास निघू. तू आलीस तर तो माझ्यावर चिडेल, कदाचित पुन्हा बोलणार नाही. चालेल मला. नाही आलीस तर हे पत्र मी लिहिलं होतं हे त्याला कधीच कळणार नाही, आणि मी तुला दोष देणार नाही. तो पाण्यात उतरला तेव्हा त्याला मी जिवंत असेन याची खात्री नव्हती. एवढंच तुला माहीत असावं असं वाटलं.

तुझ्या आईबाबांना नमस्कार.

तुझा दीर, ज्याच्यासाठी तो उतरला,
दीपेश