सातवं रीळ

२७ जानेवारी १९५६, शुक्रवार

आज थिएटर उघडलं. दहा दिवस कुलूप होतं. मशीनवर बोटभर धूळ. सकाळपासून पुसत बसलो.

गॅरिक कप्तानाच्या इंग्रजी सिनेमाचा चौथा भाग लागला. लागायचा होता मागच्या शुक्रवारी, पण तेव्हा लालबागेत गोळ्या चालत होत्या. मुंबई महाराष्ट्राला नाही असं सांगितल्यावर सिनेमा कोण लावतो आणि कोण बघतो.

पहिल्या खेळाआधी मॅनेजर केबिनमध्ये आले. "कोंडीराम, शेवटचा खेळ नऊच्या आत सुटला पाहिजे. पोलिसांचा निरोप आहे. एक रीळ गाळ. सातवं गाळ."

मी म्हटलं, "साहेब, गोष्ट तुटेल."

"आकाशातली गोष्ट! पिटातल्यांना इंग्रजी कुठं येतं? रॉकेट उडालं की खूष."

प्रिंट सोळा तारखेलाच आली होती. तेव्हा मी एकट्यानं सगळी चालवून बघितली होती. सातव्यात काय आहे ते मला माहीत. तरी डबा उचलून स्टुलाखाली सरकवला. खरं सांगायचं तर ते रीळ पुन्हा बघायचं नाही म्हणून मला बरंच वाटलं.

पिट, पडद्यापुढची स्वस्तातली बाकं, गच्च. सगळी गिरणीची पोरं. नाव कप्तानाचं, पण ही पोरं येतात ती त्याच्या मेकॅनिकसाठी. जाडा, तेलकट हातांचा, सदा काहीतरी खाणारा, कप्तानाला तोंडावर शिव्या घालणारा. याला आमच्याकडं इंग्रजी नावानं कुणी ओळखत नाही. तो 'फिटर'. पडद्यावर आला की घरचं माणूस दारात आल्यासारखी पोरं बोलतात. "आला रे. जेवला का?"

सहाव्या रिळात इंजिन बिघडतं. फिटर कमरेला दोर बांधून यानाच्या बाहेर जातो. तिथून मी थेट आठवं लावलं. यान पुढं निघालेलं. फिटरची खुर्ची रिकामी. कुणी त्याचं नाव काढत नाही.

आधी पोरांना वाटलं, येईल आता. मग एकानं हाक मारली, "फिटर कुठंय?" मग दहा जणांनी. शेवटी कप्तान जिंकला तरी टाळी नाही. दिवे लागले तरी माणसं बसूनच.

२८ जानेवारी

तिन्ही खेळांना तेच. फिटर कुठं गेला, फिटर कुठं गेला. केबिनच्या भिंतीतून ऐकू येतं.

२९ जानेवारी, रविवार

समोरच्या हॉटेलात सकाळपासून हाच विषय. कुणी म्हणतं, फिटर फितूर झाला, म्हणून त्याचं नाव घेत नाहीत. कुणी म्हणतं, त्या नटानं पगार वाढवून मागितला, त्याला काढला. गिरणीतला मुकादम, रामू जॉबर, म्हणाला, "तसं नाही. तो पाचव्या भागात येणार. असं मधेच सोडतात काय माणसाला?" सगळ्यांना हे पटलं. मी चहा अर्धा टाकून उठलो.

चाळीत आलो तर कमलाबाई आमच्या दारात. आमच्यापासून तिसरी खोली त्यांची. विधवा बाई. एकुलता मुलगा बुधाजी गिरणीत साच्यावर कापड विणायला. मंगळवारी, सतराला, दुपारी बाहेर पडला तो परत आला नाही. रोज सकाळी त्या निघतात. पोलीस चौकी, इस्पितळ, तुरुंगाचं फाटक. जखमींच्या यादीत नाव नाही. पकडलेल्यांत नाही. ज्या मेलेल्यांची ओळख पटली त्यांतही नाही. तेवढ्यावर बाई उभी आहे.

बायकोनं, राधेनं, त्यांना भाकरी दिली. ती त्यांच्याशी बोलू शकते. मला त्यांच्या तोंडाकडं बघवत नाही.

मला म्हणाल्या, "भावजी, त्याचा त्यो शिनेमा लागलाय म्हनं?"

"लागलाय."

"लई वाट बघत हुता. मला घेऊन चला. त्यो काय बघायचा ते बघू दे मला."

बाईनं जन्मात सिनेमा बघितलेला नाही.

३१ जानेवारी, मंगळवार

घेऊन गेलो. बायकांच्या बाकांवर कडेला बसवलं. पदर डोक्यावरून घट्ट.

पिटात हेरंब होता. फणसवाडीतला, कॉलेजात शिकतो, बाप कुठल्याशा कचेरीत कारकून. गिरगावातून ट्रामनं इथवर येतो. म्हणतो, तिकडं लोक तोंड मिटून बघतात, मजा नाही. इंग्रजी येतं, म्हणून पोरांना मोठ्यानं अर्थ सांगत जातो. बुधाजी कायम त्याच्या शेजारी. सतरा तारखेपासून बुधाजीचा पत्ता नाही हे त्याला माहीत आहे. तरी आज शेजारच्या जागेवर त्यानं रुमाल टाकून ठेवला होता. इंटरव्हलला एकजण बसायला आला, त्याला उठवलं.

खेळ सुटल्यावर कमलाबाई जिन्याखाली थांबल्या होत्या. रॉकेट, राक्षस, तारे, कशाबद्दल एक शब्द नाही. एवढंच विचारलं –

"त्यो बाहेर गेला त्याचं काय झालं?"

"ठाऊक नाही."

"त्या बाकीच्यांनी इचारलं बी न्हाई. खुर्ची मोकळी दिसत हुती की त्यांना. कुनी हुडकायला का न्हाई गेलं?"

हेरंबानं पुढं होऊन त्यांना नमस्कार केला. "मी बुधाजीचा मित्र." बाईंनी त्याचे दोन्ही हात धरले आणि त्यालाही तेच विचारलं. "तुला विंग्रजी येतंय. तू सांग."

तो म्हणाला, "मी शोधून काढतो, आई."

२ फेब्रुवारी, गुरुवार

त्यानं शोधून काढलं.

फोर्टात जाऊन कुठलंसं इंग्रजी मासिक बघून आला. संध्याकाळी वीसपंचवीस पोरं घेऊन थिएटरात. मॅनेजरना म्हणाला, "सिनेमा बारा रिळांचा आहे. तुम्ही अकरा दाखवता. फिटर मरतो, ते रीळ कुठं आहे?"

मॅनेजर हसले. "प्रिंट आली तशी लावली. विचार ऑपरेटरला. काय रे कोंडीराम?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. यातली निम्मी पोरं माझ्या डोळ्यांदेखत मोठी झाली आहेत.

मी म्हटलं, "अकराच आली."

हेरंब नुसता बघत राहिला. वीस वर्षांचं पोर, पण नजर मी झेलू शकलो नाही. वर केबिनमध्ये येऊन मशीनच्या दिव्यातली कार्बनची कांडी बदलायला लागलो. कार्बन मोडला.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

सहाच्या खेळाला व्हायचं ते झालं. आठवं रीळ लागलं आणि पिटातून एकच ओरड – "सात! सात!" बाकं आपटली. कुणीतरी बाटली फेकली, ती पडद्याला लागून खाली फुटली. मग बाकं मोडायला लागली. मॅनेजरांनी फोन केला. सध्या पोलीस फोनची वाटच बघत असतात.

केबिनच्या भोकातून मी सगळं बघितलं. पोरं पळाली. हेरंब पळाला नाही. हात वर करून काहीतरी समजावून सांगत होता. बहुतेक फिटरबद्दलच. लाठी हातावर बसली. दुसरी कोपरावर. त्याला उचलून नेला.

मशीन चालूच होतं. कप्तान गॅरिक रिकाम्या थिएटरात शनीवर उतरला.

सातवा डबा माझ्या पायाशी.

४ फेब्रुवारी

हेरंबाला सोडला. उजवा हात कोपरातून मोडलाय. त्याचे वडील न्यायला आले होते. डोक्यावर काळी टोपी, सभ्य माणूस. पोलिसांना म्हणाले म्हणे, "सिनेमासाठी? एका सिनेमासाठी?"

जेवण गेलं नाही. राधा म्हणाली, "तुम्ही हल्ली झोपेत दार दार काय बरळता?" मी म्हटलं, केबिनचं दार अडकतं.

५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी कमलाबाईंना सांगितलं, दुपारच्या खेळाला चला. कुठं, कशाला, विचारलं नाही त्यांनी. चप्पल घातली. त्या रोज निघायला तयारच असतात.

मोडकी बाकं कडेला रचून ठेवली होती. शुक्रवारच्या प्रकारानंतर माणसं निम्मी. सहावं रीळ संपत आलं. मी डबा उघडला, सातवं मशीनवर चढवलं. मॅनेजर खाली ऑफिसात होते. मला भीती वाटत नव्हती. वाटेल असं वाटलं होतं.

दगडांचा पाऊस येतो. एक दगड दोर तोडतो. फिटर हळूहळू लांब जायला लागतो, हातातला पाना तसाच धरलेला. कप्तान आणि बाकीचे काचेला चिकटून उभे. कप्तान यंत्रात त्याला हाका मारतो. आधी तो उत्तर देतो. काय बोलतो कळत नाही, पण हसवायलाच बोलत असणार, कारण आतली एक बाई हसते आणि मग तोंडावर हात घेते. मग नुसती खरखर. ते बघत राहतात, पार ठिपका होईपर्यंत. मग ठिपकाही नाही. कप्तान यान पुढं न्यायला सांगतो.

पिटात शिट्टी नाही. एक शब्द नाही. पुढच्या रांगेत कुणीतरी टोपी काढली, मग दोघातिघांनी काढली. मागं एकजण चिडून म्हणाला, "मारला साल्यांनी. आपल्याच माणसाला मारतात नेहमी." रामू जॉबर तोंडावर उपरणं धरून बाहेर निघून गेला. आठवं लागलं. तीच रिकामी खुर्ची. आज कुणी विचारलं नाही.

चार मिनिटांत मॅनेजर वर. "उद्यापासून येऊ नको." बरं म्हटलं. उरलेली रिळं चालवली, मशीन पुसलं, किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. या केबिनमध्ये एकोणीस वर्षं झाली होती.

कमलाबाई आणि मी चालत चिंचपोकळीला आलो. पुलापाशी त्या थांबल्या. मी म्हटलं, "वाईट वाटलं का? दाखवायला नको होतं."

"न्हाई वो. बरं झालं दावलं." मग म्हणाल्या, "त्यांनी त्याला जाताना बघितलं. सगळ्यांनी. डोळ्यांनी बघितलं म्हनून तर पाय उचलला त्यांचा. माज्या बुधाजीला कुनी बघितलंच न्हाई. मी कशी फुडं जाऊ?"

दोघं घरी आलो.

६ फेब्रुवारी

कामाला जायचं नाही. दिवसभर खोलीत. कमलाबाई सकाळी निघाल्या, जिन्यावर पावलं ऐकली. आज ठाण्याच्या तुरुंगाकडं जाणार होत्या.

संध्याकाळी परतल्या. पाय सुजलेत. राधेनं गरम पाणी दिलं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

कमलाबाईंना सांगितलं. इथंही लिहिलं नव्हतं ते.

सतरा तारखेला थिएटरात मॅनेजर आणि मी, दोघंच. लोक गोळीबारातून आमच्याकडं धावत आले. मॅनेजर म्हणाले, दार लाव. मी जाळीचं दार ओढलं, कुलूप घातलं. सगळ्यात पुढं बुधाजी होता. त्यानं जाळी धरली. किल्ली माझ्या हातात होती. गोळी लागून तो पडला. पोलिसांची गाडी आली, त्याला उचलून घेऊन गेली. तेव्हाच बोललो असतो तर बाईंना निदान पोराचा देह मिळाला असता. एकवीस दिवस मी त्यांना तुरुंगाच्या फाटकावर जाऊ दिलं.

त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "ती जागा दाव." चालत गेलो. दारासमोर मी जागा दाखवली. त्या खाली बसल्या, फरशीवर हात ठेवला. लोक बाजूनं जात होते.

"काय बोलला का?"

"हाक मारली."

"कुनाला?"

"मला."