जमिनीवरचा धावदोरा

आई, तू असतीस तर आज तुझ्याशी कडाकडा भांडले असते. मंगळवार पेठेतल्या तुझ्या ब्लाऊजच्या दुकानात शाळेतून आलं की पायाला दोरे चिकटायचे. आधी हाताचा कच्चा धावदोरा, मग मशीनची पक्की शिलाई, मग तो धावदोरा उसवून जमिनीवर. मी केरसुणी उचलली की तू खेकसायचीस, "ऱ्हाऊ दे की! दोरं दिसल्याबिगर कळतंय व्हय मला, कुणी किती शिवलं ते?" एकदा कामाला येणाऱ्या बाईनं बाहेरून शिवून आणलेला ब्लाऊज आपण इथंच शिवला म्हणून पुढं केला. तू ब्लाऊजकडे बघितलंच नाहीस, जमिनीकडे बघितलंस. "हितं दोरा कुठं पडलाय?" सगळ्या गिऱ्हाइकांसमोर! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

आता तुझ्या नातीला शुगर निघालीय. दहावीतली पोर, रोज पोटात इन्सुलिनच्या सुया. एक जण कारल्याचा रस सांगतो, काकू येऊन दृष्ट काढून गेली. डोकं फिरलंय माझं. त्यात डॉक्टरांनी नवी तपासणी सांगितली. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, पण पोरीला ती समजावताना शेवटी तुझ्या त्या घाणेरड्या जमिनीवरच आले. स्वादुपिंडातली पेशी इन्सुलिन एकदम तयार करत नाही गं. आधी एक लांब साखळी करते. तिचा मधला तुकडा दोन्ही टोकांना जागेवर धरतो, आणि टाके पक्के झाले की पेशी तो कापून टाकते. कापलेला तुकडा रक्तात येतो. सुईतलं इन्सुलिन बाहेरून शिवून आलेलं, त्याच्याबरोबर तुकडा नसतो. म्हणून डॉक्टर इन्सुलिन नाही, तुकडा मोजतात. शरीर स्वतः काही शिवतंय का, ते त्यावरून कळतं.

"म्हणजे आजीसारखं जमीन बघणार?" पोर हसली. मला कसलं हसू येतंय! थोडे तरी दोरे सापडू देत, एवढंच मनात होतं.

काल रिपोर्ट आला. तुकडा जवळजवळ नाहीच. पोरीनं कागद बघितला आणि म्हणाली, "मम्मी, जमीन साफ हाय की." मग जेवायच्या आधीची सुई स्वतःच टोचून घेतली आणि ताटावर बसली. मी भाकरी वाढली आणि ती करपल्याबद्दल उगीच तव्यावर चिडले.

हे पत्र तुझ्या मशीनच्या खणात ठेवते, दुसरं कुठं टाकणार? खरं सांगू, राग तुझ्यावर नाहीच. पोरीसमोर ओरडता येत नाही, आणि मी ओरडले तरी न घाबरणारी तू एकटीच होतीस.