बाद न दिलेला गडी

शारजा, औद्योगिक क्षेत्र
शुक्रवार, १२ जानेवारी २००१

गुणवंत गुरुजींना प्रल्हादचा नमस्कार.

तुमचं पत्र आणि स्मरणिकेच्या मुखपृष्ठाचा नमुना परवा मिळाला. माझी तब्येत ठीक आहे. इथे सध्या थंडी आहे, अंगात स्वेटर लागतो. आईची गुडघ्याची औषधं महाडच्या एका माणसाबरोबर पाठवली आहेत, ती पोचली का ते तिला विचारा. आज सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहायला बसलो. टाइमकीपरच्या कामात नावं आणि तास यापलीकडे काही लिहावं लागत नाही, त्यामुळे मांडणी चुकेल.

मुखपृष्ठावर खैरुद्दीनचा फोटो चांगला आलाय. ८९च्या जिल्हा कबड्डी स्पर्धेतला अंतिम सामना, एका चढाईत चार गडी बाद करून तो पालथा पडलाय आणि हात मध्यरेषेला लागलाय. खाली तुम्ही छापलंय, ‘मैदानावर जगला, मैदानावर गेला.’ वेशीवर त्याच्या नावाने बांधायच्या कमानीवरही हेच कोरणार म्हणता. माझ्याकडून दोन पानं आठवणी हव्यात. आणि शेवटी, जाता जाता लिहावं तसं, कंपनीत त्याची जागा रिकामी असेल तर त्याच्या धाकट्या भावाला, फहदला, तिथे चिकटवून द्यावं. ‘तोही दमाचा गडी आहे.’

हे वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही असं लिहिणार होतो. पण ते खोटं आहे, जेवलो. संताप मात्र जात नाही.

ती जागा काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, कारण खैरुद्दीनने कधी सांगितलं नाही आणि मीही नाही. गावात सगळे म्हणतात, तो ‘स्टील कंपनीत’ होता. तो सँडब्लास्टिंगच्या शेडमध्ये होता. गंजलेल्या पाइपांवर हवेच्या जोराने वाळूचा मारा करायचा, म्हणजे गंज निघतो. वाळूची पूड होते आणि ती शेडमध्ये धुक्यासारखी उभी राहते. कंपनीने दिलेले मास्क वर्षभरात फाटले. मग तोंडाला ओला रुमाल. नऊ वर्षं. बहिणीचं लग्न झालं, फहदचं आयटीआय झालं, त्याचं स्वतःचं लग्न राहून गेलं. रोज सकाळी त्याच्या नावापुढे ‘ब्लास्टिंग, हजर’ हे मी लिहीत होतो. पेंटिंगला, जिथे ही धूळ नसते, दोनदा जागा निघाली. मी फोरमनकडे त्याचं नाव नेलं नाही. फोरमन म्हणायचा, “खैरुभाई पहलवान है, उसको क्या होता है?” आणि मला ते ऐकायला बरं वाटायचं. आपल्या गावचा माणूस.

आता ९९च्या मे महिन्याचं. आम्ही दोघं सुट्टीवर आलो होतो. तो तुम्हाला शाळेच्या पटांगणात म्हणाला होता, “गुरुजी, या वर्षी बसतो, छाती भरून येते.” मी शेजारीच होतो. तुम्ही हसून म्हणालात, “अरे, तू नुसता उभा राहा. तुझ्या नावानेच समोरचे तीन गडी बाद होतात.” तो उभा राहिला. उपांत्य सामन्यात त्या बाजूचे पंच तुम्ही होतात. दुसऱ्या चढाईत त्याचा दम तुटला. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणताना मध्येच त्याने श्वास आत ओढला, विहिरीत बादली आपटावी तसा आवाज झाला. तुम्ही मान दुसरीकडे वळवलीत. मी पाहिलं, गुरुजी.

तेव्हा मला तुमचा राग आला नाही. उलट वाटलं, गुरुजींनी गावाची अब्रू राखली.

म्हणून १० नोव्हेंबरला मीही तेच केलं. गोदामांमागच्या वाळूच्या मैदानात आमची शुक्रवारची स्पर्धा होती, समोर रत्नागिरीवाले, आणि पंच मी. तो चढाईला गेला आणि दहा सेकंदांत दम तुटला. मला ऐकू आलं. मी शिट्टी तोंडात धरून उभा राहिलो. समोरच्यांनाही ऐकू आलं, कारण त्यांच्या कोपऱ्यातल्या गड्याने त्याचा पाय पकडून सोडून दिला. नंतर चहा पिताना तो मला म्हणाला, “पंच, खैरुभाईला बाद करून आम्ही तोंड कुठे दाखवणार?”

सामना संपल्यावर खैरुद्दीन माझ्याकडे आला. ओठ निळे पडले होते. मला वाटलं, आभार मानेल.

“प्रल्हाद, तू बाद का नाय दिलास?”

मी म्हणालो, “अरे, तुला कोण बाद देणार?”

“तू दिला असतास तर मी बसलो असतो. मला स्वतःहून बसता येत नाय रे. तिकडे गुरुजी नाय देत, हिकडे तू नाय देत.” मग शिवी दिली. मला दिलेली त्याची ती पहिली शिवी.

मंगळवारी त्याचा जीव गेला तो हॉस्पिटलमध्ये. मैदानावर नाही. नाकाला ऑक्सिजनची नळी होती, बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून मला विचारलं, “हा माणूस इतके दिवस खेळत कसा होता?”

गावात तुम्हाला फोन मीच केला. तुम्ही विचारलंत, “खेळताना गेला का?” आणि मी “हो” म्हणालो. दफन इथेच झालं, कुणी त्याला पाहिलं नाही, त्यामुळे ते खरं मानलं गेलं. तुमच्या कमानीवरचं वाक्य माझं आहे. ते मी परत घेतो.

पण एक गोष्ट माझी नाही. हॉस्पिटलात नेताना तो म्हणाला होता, “आईला दोनदा छातीचं लिहिलं, तिने एकदाही विचारलं नाय.” हव्वाबींना वाचता येत नाही. फहद तेव्हा मुंबईला होता. पत्रं तुम्हीच वाचून दाखवत होतात. ती वाक्यं तुम्ही गाळलीत. म्हातारीला कशाला घोर, असंच ना? त्याला मरताना वाटत होतं की आईने विचारलं नाही.

स्मरणिकेला मी काही लिहिणार नाही. फहदचा व्हिसाचा अर्ज भरणारही नाही आणि दुसऱ्याने भरला तर फोरमनपुढे उभा राहून अडवीन, नोकरी गेली तरी चालेल. त्याला गावातच काम बघा. कमान बांधायला माणसं मिळतात, तर हेही मिळेल.

हे पत्र हव्वाबींना वाचून दाखवा, माझ्यासकट सगळं. याचीच दुसरी प्रत खैरुद्दीनच्या बहिणीला, सुरैय्याला पाठवली आहे. ती सध्या माहेरी आहे आणि तिला चांगलं वाचता येतं. तुम्ही वाचाल तेव्हा ती आईशेजारी प्रत उघडून बसेल. जिथे गाळाल तिथे ती थांबवील.

‘आपला’ हा शब्द आज लिहवत नाही.

प्रल्हाद