घर गेलं म्हणायची रीत

बाबा, तुम्ही गेल्याला अकरा वर्षं झाली आणि जयपूरच्या सोडाला भागातली आपली दुकानाची खोली मी गेल्या दिवाळीआधी रिकामी केली. खोली म्हणजे काय, जिन्याखालची खोबण. एक बाक, एक माठ, आणि भिंतीवरच्या फळीला ठोकलेल्या खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्या. किल्ल्यांना तुम्ही कधी चिठ्ठ्या लावल्या नाहीत. कुठली किल्ली कुठल्या घराची हे फक्त तुमच्या डोक्यात होतं, आणि तुमच्यानंतर माझ्या. शेवटी तिथं तीन किल्ल्या उरल्या होत्या आणि त्या तिन्ही घरांच्या जागी आता उंच इमारती आहेत, हे मला माहीत होतं. तरी मी त्या पिशवीत घालून घरी आणल्या. तुम्ही असता तर चिडवलं असतं.

लोक तुम्हाला दलाल म्हणायचे आणि तुम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. अकोल्याहून नोकरीसाठी जयपूरला आलेला माणूस, नोकरी सुटली, आणि मराठी डॉक्टरांना, प्राध्यापकांना खोल्या शोधून देता देता हाच धंदा झाला, असं तुम्ही सगळ्यांना हसत सांगायचात. पण घर दाखवायच्या आधी तुम्ही ते स्वतः पाहायचात, आणि तुमचं पाहणं कसं असायचं ते मला अजून दिसतं. मे महिना आहे, दुपारचे चार वाजलेत, मी शाळकरी आहे आणि तुम्ही मला रिकाम्या घरात घेऊन जाता. सरळ स्वयंपाकघरात शिरता, ओट्यापाशी जाता आणि दहा मिनिटं तिथंच उभे राहता. पाठीवर ऊन येतं. शर्ट ओला होतो. मग बाहेर येऊन म्हणता, "पश्चिमेचं हाय. इथं बाई भाजून निघन." आणि भाडेकरू आला की हीच गोष्ट तुम्ही त्याला आधी सांगायचात, हवेशीर गच्चीचं कौतुक नंतर. घरमालक वैतागायचे. पण तुमच्याकडून घर घेतलेला माणूस वर्षभरात परत दारात येत नसे, हे त्यांनाही कळत होतं.

आता मी एका ॲपसाठी काम करते. काम म्हणजे कुलूप उघडणं. फोनवर पत्ता येतो, वेळ येते, मी जाते, दार उघडते आणि बाहेर उभी राहते. लोकांनी घर आधीच फोनवर पाहिलेलं असतं, सकाळच्या उजेडात काढलेल्या फोटोंत, ज्यात खोल्या आहेत त्याच्या दुप्पट दिसतात. मला कुणी काही विचारत नाही. मध्यंतरी एक कोरियन बाई आली होती, इथल्या कुठल्याशा कंपनीत दोन वर्षांसाठी. तिने मात्र माझ्याशी पायरीवर बसून गप्पा मारल्या, माझं इंग्रजी तोडकंमोडकं आणि तिचंही. तिचे आजोबा हेच काम करायचे म्हणाली. तिकडे पूर्वी गल्लीगल्लीत म्हातारे अशी एका खोलीची दुकानं थाटून बसायचे, पट मांडून सोंगट्या खेळायचे आणि कुणाच्या घरात किती माणसं, कुणाची सून माहेरी गेलीय, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. मग दलालीसाठी सरकारी परीक्षा आली, म्हातारे उठले आणि परीक्षा पास झालेले लोक बसले. आता त्यांचीही गिऱ्हाइकं फोनवरच घरं बघतात. ती सांगत होती, तिकडे एकट्या म्हाताऱ्या माणसाला घर मिळणं कठीण, कारण आत मरून पडला आणि दिवसेंदिवस कुणाला कळलंच नाही तर, अशी मालकांना भीती. तेव्हा मी मान हलवली. तिच्या देशाबद्दल वाईट वाटलं.

बाबा, त्या प्राध्यापक बाई तुम्हाला आठवतात? लातूरकडच्या, नुकत्याच इथल्या कॉलेजात लागलेल्या. मी बावीस वर्षांची होते आणि तुम्ही बाहेर गेल्यामुळे दुकानात एकटी होते. मालकाने आडनाव ऐकून नको म्हणून कळवलं होतं. बाईंनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं, की मालक तुमच्या आडनावाला नको म्हणतात. त्यांनी समोरचा चहा तसाच ठेवला, पर्स उचलली आणि गेल्या. मला वाटलं, आपण प्रामाणिक वागलो. संध्याकाळी तुम्ही मला आयुष्यात एकदाच इतकं बोललात. "खरं बोलली म्हणून लय मोठी झाली का तू? तिले आता या शहरातल्या हरेक दारात हेच आठवत राहीन. घर गेलं, दुसऱ्यानं घेतलं म्हणाचं. नाही म्हणाचं ते आपल्या अंगावर घ्याचं अस्ते, पोरी."

मी तुमच्याशी तीन दिवस बोलले नाही. मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, की तुमच्या त्या घर गेलं म्हणण्याने बाईंचं मन वाचलं असतं, पण मालकाची अब्रूही फुकटात वाचली असती. तुम्ही आयुष्यभर किती मालकांची अब्रू अशी झाकलीत, याचा तुम्ही कधी विचार केला नाहीत, आणि मी पुढे तुमच्याच शब्दांत शेकडो लोकांना घर गेलं म्हणून सांगितलं तेव्हा मीही केला नाही. पण एक गोष्ट मला मान्य करायला हवी. ते तीन दिवस तुम्ही उन्हातून पायी हिंडत होतात. चौथ्या दिवशी खातीपुऱ्यात रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं वरचं बिऱ्हाड तुम्ही शोधलंत, बाईंच्या कॉलेजात जाऊन त्यांना आणलंत, आणि मालक-मालकिणीसोबत त्यांच्याच स्वयंपाकघरात बसवून चहा पाजलात. एकमेकांच्या हातचा चहा प्यायल्याशिवाय तुम्ही कुणाच्या हातात किल्ली देत नव्हतात. बाई तिथं नऊ वर्षं राहिल्या.

आपण स्वतः मात्र जन्मभर भाड्याच्या घरात राहिलो. यावरून लोक तुमची किती थट्टा करायचे. तुम्ही होतात तोवर आणि पुढेही बरीच वर्षं मालकांनी आपल्याला हलवलं नाही, पण ते गेले आणि मुलाने जागा बिल्डरला दिली. त्याने चांगली सहा महिन्यांची मुदत दिली, वाईट बोलला नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी घर शोधायला निघाले आणि मला जरा हसूच येत होतं, कारण या शहरात घर शोधणं मला कोण शिकवणार? सोडाल्यातच मागच्या गल्लीत दोन खोल्या होत्या, पूर्वेचं स्वयंपाकघर, खाली दूधवाला. तिशीतला एक एजंट होता. त्याने विचारलं, "मैडम, फैमिली में कौन-कौन है?" मी म्हटलं, मी एकटीच. तो म्हणाला, बात करके बताता हूँ. दुसऱ्या दिवशी फोन आला. "मैडम, वो घर तो निकल गया."

मी ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला. भाजी चिरायला घेतली. आणि मग चाकू खाली ठेवला, बाबा. ते वाक्य मी इतक्या वेळा उच्चारलं होतं, पण ते कानात शिरताना कसं वाटतं हे मला ठाऊक नव्हतं. चार दिवसांनी ॲपवरून माझ्या फोनवर पत्ता आला. तेच घर. किल्ली दूधवाल्याकडून घ्यायची होती. मी गेले, कुलूप उघडलं आणि एका तरुण जोडप्याला आत सोडलं. मुलीने विचारलं, "आंटी, पानी ठीक आता है?" मी तिला खरं ते सांगितलं, की सकाळी सातनंतर दाब कमी होतो, टाकी भरून ठेवावी लागेल. ती थँक्यू म्हणाली. त्यांनी घर घेतलं. मी कुलूप लावलं आणि खाली उतरून किल्ली दूधवाल्याकडे परत दिली.

त्यानंतर आणखी पाच घरं गेली. एका बाईने तर एजंटच्या फोनमधूनच मला ऐकू येईल असं म्हटलं, अकेली हैं, कल को कुछ हो गया तो कौन देखेगा. तुमच्यासारखं घर गेलं म्हणून तिने ते झाकलं नाही. मला तिचा राग आला नाही. त्या दिवशी मला तुमची फार आठवण आली, कारण या सहा घरांनंतर माझ्यासाठी उन्हातून पायी हिंडेल असं कुणी उरलं नव्हतं.

आता मी प्रताप नगरात राहते. पश्चिमेचं स्वयंपाकघर, तुम्ही मला हे घेऊ दिलं नसतंत. मालकीणबाई उदयपूरला असतात. मध्ये कुणी माणूस नव्हता, सगळं फोनवर झालं. त्यांची एकच अट होती, एकट्या बाईला देणार नाही. ॲपच्या फॉर्ममध्ये एक चौकोन होता, किती जण राहणार. मी तिथं दोन लिहिलं. दुसरं कोण, असा खालचा रकाना होता. त्यात मी लिहिलं, वडील.

तुमच्यासारखा कुणी मधला माणूस असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, चला, पिताजींना नमस्कार करून येऊ, आणि मी पकडले गेले असते. ॲपने कुणाला पाठवलं नाही. कागद फक्त माझे मागितले. पण मालकीणबाई माणूस म्हणून चांगल्या निघाल्या. दर रविवारी अकराच्या सुमारास त्यांचा फोन येतो. घराचं एक वाक्य बोलतात आणि मग विचारतात, "पिताजी कैसे हैं? घुटने का दर्द कम हुआ?" त्यांचे स्वतःचे वडील त्या लहान असतानाच गेले. पहिल्या रविवारी मी घाईने ठीक म्हणून विषय बदलला. दुसऱ्या रविवारी सांगितलं की तुम्हाला इथलं पाणी मानवत नाही. आता मी शनिवारीच ठरवून ठेवते तुम्ही काय काय केलंत ते. परवा म्हटलं की तुम्ही ओट्यापाशी उभे राहून या घराला नावं ठेवता, आणि त्या इतक्या हसल्या की मीही हसले.

हे पत्र कुठं टाकणार? पाकिटावर पत्ता घालायचा तर या घराचाच घालावा लागेल, फॉर्मप्रमाणे तुम्ही इथंच राहता. एक दिवस मला त्यांना खरं सांगावं लागेल, हे मला कळतं. सांगितलं की बहुतेक घर जाईल. त्याची मला तेवढी भीती नाही, बाबा, घरं मी रोज उघडते, कुठलंतरी मिळेल. पण आठवड्याभरात मला फोन करून आपलेपणाने काही विचारणारं तेवढं एकच माणूस आहे, आणि ते तुमच्याबद्दल विचारतं. येत्या रविवारीही मी सांगणार नाही. तुम्हाला थोडा खोकला झालाय, असं सांगायचं ठरवलंय, म्हणजे त्या बुधवारी पुन्हा फोन करतील.