खोली खालून पाहिल्याची हकीकत

…आणि ताई, पीओपीवाल्याला खोली बघायला पाठवणारी तूच आणि वर फोनवर ओरडणारीही तूच, याला काय म्हणायचं? मी दिवसभर शिडीवर उभा राहून लोकांच्या छतांना वेलबुट्टी चिकटवणारा माणूस. कुठल्याही घरात शिरलो की माझी मान आपोआप वर जाते. गेल्या खेपेला भाऊजींच्या कामाच्या शहरातली ती खोली मी चांगली तासभर निरखली, छताला एक तडा नाही, कोपरे सगळे काटकोनात, असं कौतुकाने तुला कळवलं, तर तू विचारलंस, स्वयंपाकाची जागा कुठल्या बाजूला आहे? खरं सांगतो, मला आठवेना. खिडक्या किती, तेही आठवेना. पण म्हणून भाऊजींच्या देखत मला ‘टाळक्यावर डोळे असलेला’ म्हणायची काही गरज नव्हती.

(नमस्कार राहिलाच. तो आधी घे. तुझी कंबर कशी आहे? शिलाई मशीनवर बसताना पाठीला उशी घेतेस ना? टिकलीचा खोकला गेला असेल. मी मजेत आहे. मास्तरांनी पत्राचा मायना शिकवला त्याच आठवड्यात मी शाळा सोडली, त्यामुळे पुढचा मजकूर मनाने लिहितोय, सांभाळून घे.)

तर तुझा शब्द मनाला लागला आणि मी पुन्हा गेलो. मुकादमाला सांगितलं, ताईचं बिऱ्हाड हलायचं की नाही याचा निकाल माझ्यावर अडलाय. तो म्हणाला, तुझ्यावर अडलंय म्हणजे ते बिऱ्हाड आता हलत नाही, जाऊन ये दोन दिवस. गाडीत बसल्यापासून मनाशी एकच घोकत होतो, आज वर बघायचं नाही. घरमालकीण मावशींनी दार उघडलं आणि मी मान खाली घालून आत शिरलो. भिंतीकडेने हळूहळू चालू लागलो. म्हटलं, आज ताईला एकेक फरशी सांगायची.

मावशी थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “काय रे, काय पडलं तुझं?” मी तोंड उघडायच्या आत त्यांनी आपल्या सासऱ्यांना हाक मारली, सासऱ्यांनी शेजारच्या इस्त्रीवाल्याला बोलावलं, आणि बघता बघता तिघंही खाली बसून शोधायला लागले. काय शोधायचं ते कुणी विचारलंच नाही. इतकी माणसं माझ्यासाठी गुडघे टेकून बसलेली बघून मलाच लाज वाटली, म्हणून मीही बसलो. (इथे तू हसशील. हस. पण तिघं मन लावून शोधत असताना ‘माझं काही हरवलेलं नाही’ असं म्हणून दाखव बघू.) एक बटण निघालं, केसाची पिन निघाली, आणि शेवटी इस्त्रीवाल्याने उंबऱ्याच्या फटीतून काडी घालून एक सोन्याचं कानातलं काढलं आणि माझ्या हातावर ठेवून म्हणाला, “हे घे. रडू नको आता.”

ते मावशींचं होतं. आधीच्या भाडेकरूंकडे भाडं मागायला आल्या तेव्हा पडलं असणार. ते भाडेकरू म्हणजे बेकरीत काम करणारं नवराबायको. मावशींनी त्यांच्यावर संशय घेतला. तोंडाने काही म्हणाल्या नाहीत, पण ती दोघं दिसली की आपलं कपाट खडाखड कुलूप घालून बंद करायच्या. शेवटी कंटाळून ती दोघं खोली सोडून गेली, आणि म्हणून ती आपल्यासाठी रिकामी होती. आता मावशींनी ते कानातलं मुठीत धरलं. मग उठल्या, पायात चपला घातल्या आणि माझा दंड धरून म्हणाल्या, “चल बेकरीत. एकटीचा धीर होत नाही.”

बेकरीत ही गर्दी! मावशी रांग मोडून पुढे गेल्या आणि ते कानातलं काउंटरवर ठेवलं. नवरा पाव मोजत राहिला, पण बायको हातातला तापलेला ट्रे न सोडता जी सुरू झाली, ती साठवलेलं सगळं बोलून मोकळी झाली. रांगेतली माणसं आधी पावासाठी ओरडत होती, नंतर तीच कान देऊन ऐकायला लागली. एक आजोबा तर मागच्याला म्हणाले, “थांबा हो, आता कपाटाचं सांगतेय ती.” मग मावशी रडल्या, ती रडली, आणि दोघींनी ठरवून टाकलं की बेकरीवाल्यांनी पुढच्या महिन्यापासून परत जुन्या खोलीत यायचं. मीसुद्धा डोळे पुसले. पुसता पुसता लक्षात आलं, अरे, ही तर आपली खोली गेली!

मी म्हटलं, “मावशी, आणि आमच्या ताईचं काय?” तर बेकरीवाली म्हणाली, आमची आत्ताची जागा मोकळी होईल, इथेच बेकरीच्या वर, ती बघ. आता नीट ऐक. दोन खिडक्या. त्यातली एक रस्त्यावर, तिथे मशीन ठेवलंस तर उजेड डावीकडून येईल. स्वयंपाकाची जागा वेगळी, ओटा तुझ्या उंचीला चालेल, मला वाकावं लागलं. खालच्या भट्टीमुळे फरशी कोमट असते, थंडीत बरं, उन्हाळ्यात तू मला शिव्या देशील. आणि भाऊजींचा छापखाना समोरच्या गल्लीत आहे, त्यांच्या मशीनचा ठोका खिडकीत ऐकू येतो. (वर फक्त एकदाच बघितलं. ते सांगण्यासारखं नाही. मी येऊन करून देईन.)

आता मी काही जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. मी धाकटा, मला काय कळतंय? तुझी सगळी गिऱ्हाईकं तिथे आहेत, आणि तुझी पाठ वळली की समोरचा शिंपी ती आठवड्यात पळवेल, हेही खरं. पण परवा टिकलीने भाऊजींना विचारलं म्हणे, “बाबा, तू आज मुक्कामाला आहेस का?” भाऊजी मला फोनवर हे हसत हसत सांगत होते, आणि मग तेच वाक्य पुन्हा एकदा सांगितलं, न हसता. पोरगी उठायच्या आधी ते गाडी पकडतात, ती झोपल्यावर येतात. तेवढं फक्त तुझ्या कानावर घालतो.

तुझा, सरळ बघायला शिकलेला,
धाकटा

ता. क. सोबतच्या पुडक्यात एका बाईचा ड्रेस आहे. गैरसमज नको. तो मावशींचा मापाचा ड्रेस आहे. असेच दोन शिवायचेत, दंडात थोडे सैल, पुढच्या महिन्यात. तू तिथे येणारच असं मी चुकून बोलून गेलो. माझ्या पिशवीत तो मुकादमाला सापडला, तेव्हापासून इथे मला ‘वहिनी कशा आहेत’ असं विचारतात.

आणखी एक. बेकरीवालीला मी हो सांगून बसलोय. भाऊजींनी जेवणाच्या सुट्टीत जागा बघितली, त्यांना पसंत आहे. तुला सांगायचं धाडस मात्र त्यांनी माझ्यावर ढकललं. तू ही बातमी सांगशील तेव्हा ते चकित झाल्याचा चेहरा करतील. जमणार नाही त्यांना, पण तू मानून घे.

शेवटचं. तू फोन ठेवता ठेवता हळूच म्हणालीस ना, तिथे नाही करमलं तर काय करू, ते मी ऐकलं होतं. आत्ताचं घर आपलंच आहे, कुलूप लावलं म्हणून कुठे पळून जात नाही. जायच्या टेम्पोचे दोन हजार, आणि नाहीच करमलं तर मशीन घेऊन परत यायच्या टेम्पोचे दोन हजार, असे पाठवतोय. दुसरे दोन तुझ्याजवळच ठेव, भाऊजींना दाखवू नको. एकूण चार हजार.