पांढरी बोटं

दादा,

कोल्ड स्टोरेजमधून मला काढल्याच्या कागदावर सुपरवायझर म्हणून तुझी सही आहे. "कामचुकार, आजाराचं सोंग करते." सख्ख्या बहिणीबद्दल असं लिहवलं तरी कसं तुला?

मासळीची खोकी भरताना माझी बोटं पांढरीफटक पडायची, ते तू डोळ्यांनी पाहिलंस. सुई टोचली तरी कळायचं नाही. कंपनीच्या डॉक्टरपुढे पोचेपर्यंत ती ऊब धरून लाल व्हायची. तो म्हणाला, "हात तर चांगले आहेत की बाई!" आणि तू शेजारी उभा राहून हसलास.

काल मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी हात गार पाण्यात धरायला लावला. थोड्याच वेळात बोटं खडूसारखी झाली. त्या म्हणाल्या, "थंडीत सगळ्यांच्याच बोटांतल्या रक्तवाहिन्या आकसतात, अंगातली ऊब राखायला. तुमच्या गच्च मिटतात, रक्तच पोचत नाही. सोंग कसलं?" मला रडूच फुटलं. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कुणाला होतं असं?"

मी नाही म्हणाले. खोटं बोलले. तुझ्या अंगातल्या शर्टाची बटणंसुद्धा हल्ली वहिनी लावून देते, हे का मला ठाऊक नाही? नोकरी जाईल म्हणून स्वतःचं लपवलंस, आणि खोटी मला ठरवलंस!

हे पत्र टाकत नाही. तू वाचून फाडशील. उद्या सकाळी दारातच येते. निमूट दवाखान्यात चल, नाहीतर फरफटत नेईन.

तुझी धाकटी